मैदानी खेळांचा सराववर्ग आणि गावचा शिक्षक

(धानोरा, जिल्हा नंदुरबार, येथील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



किशोरवयीन मुलामुलींसाठी गावातच, बिनपगारी आणि स्वखुशीने, मैदानी खेळांचा सराववर्ग कसा चालवावा, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. आरंभीच एक गोष्ट कबूल केलेली बरी. मी नामांकित धावपटू कधीच नव्हतो आणि शारीरिक शिक्षणाची पदवीही माझ्याजवळ नाही. मी आपल्यासारखाच वर्गावर शिकविणारा शिक्षक. शाळा भरण्यापूर्वी काही मुलांना घेऊन मैदानावर उभे राहण्याचा परिपाठ काही वर्षे चालविला. त्यात काही साधले, काही चुकले. जे चुकले त्याचाच उपयोग आपणांस अधिक होईल, अशी माझी समजूत आहे. म्हणून यशाची गाथा न गाता कामाची रीत सांगावी आणि एका चुकीची कबुली द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्यातील मुलांना धावायला शिकवावे लागत नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. सातपुड्याच्या उतारावरील पाड्यांतून चढउतार करीत शाळेत येणारे मूल पाहिले की हे म्हणणे खरेही वाटते. परंतु हे कौतुक अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपला आळस दडलेला आहे. काटकपणा ही एक गोष्ट, तालीम ही दुसरी. ऐन पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा जाहीर होतात. आपण वर्गातली चार चपळ मुले निवडतो आणि एकाही दिवसाच्या सरावावाचून त्यांना शर्यतीत उभे करतो. एखादे मूल अनवाणी धावून तिसरे येते, प्रमाणपत्र मिळते, छायाचित्र निघते, आणि गोष्ट तेथेच संपते. पुढच्या वर्षी ते मूल कोठे आहे, हे आपण विचारीत नाही. एका दिवसाच्या शर्यतीने मुलाची चपळाई कळते, तिने त्याचे भवितव्य घडत नाही.

यावर कोणी म्हणेल, “आम्हांला या खेळांचे शास्त्र ठाऊक नाही, मग आम्ही शिकवावे काय?” या शंकेचे उत्तर केनिया देशातील एका शिक्षकाच्या चरित्रात आहे. कॉल्म ओकॉनेल हे आयर्लंडचे मिशनरी 1976 साली केनियाच्या डोंगराळ भागातील इटेन या गावी सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये भूगोल शिकविण्यासाठी आले. मैदानी खेळांचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुले धावत असता त्यांच्याकडे बारकाईने पाहावे, त्यांनाच प्रश्न विचारावेत आणि पाहिलेले ध्यानात ठेवावे, एवढ्या भांडवलावर त्यांनी काम सुरू केले. त्यांच्या तालमीतला पीटर रोनो 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर शर्यतीत पहिला आला, आणि मॅथ्यू बिरीर 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडीत धावण्याच्या शर्यतीत, पहिला आला. पुढे डेव्हिड रुडिशाने 2012 साली लंडनला 800 मीटर अंतर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला, तोही याच गुरूचा शिष्य. प्रत्येक गावात रुडिशा निपजेल असे मी म्हणत नाही. भूगोलाच्या शिक्षकालाही निरीक्षण आणि सातत्य यांच्या बळावर हे काम येते, एवढेच मला यातून दाखवावयाचे आहे. आणि निरीक्षण हा तर आपला रोजचाच धंदा आहे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील कविता राऊत हिने नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली वर्षानुवर्षे सराव केला. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळाले, आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी रौप्यपदक. पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट तिच्यानंतर घडली. त्याच प्रशिक्षकांकडे घडलेली मोनिका आथरे 2017 साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली, आणि संजीवनी जाधव हिने त्याच वर्षी भुवनेश्वरच्या आशियाई मैदानी स्पर्धेत 5000 मीटरचे कांस्यपदक मिळविले. पहिल्या मुलीला धावताना पाहून दुसरी आली, दुसरीला पाहून तिसरी. मैदान, वेळ आणि शिकविणारा माणूस ही तीन ठिकाणे स्थिर राहिली, म्हणून ही मालिका तुटली नाही. दिव्याने दिवा लागतो खरा, पण पहिला दिवा विझू न देणे हे काम कोणाचे तरी असावे लागते.

आणखी दोन नावे सांगतो, कारण त्यांच्यापासून घेण्याचा धडा वेगळा आहे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळत असे. पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली आणि स्टीपलचेस तर तिने वयाच्या पंचविशीच्या सुमारास हाती घेतली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री ललिताच. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यानंतर, स्टीपलचेसकडे वळला. त्याने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. तेराव्या-चौदाव्या वर्षी या दोघांना एकाच शर्यतीला जुंपून कोणी त्यांचा रस पिळून घेतला असता, तर पुढचे काही घडले असते काय, याचा विचार आपण करावा. आपल्या हाती येणारे मूल हे कोवळे रोप आहे. त्याला फळ येण्याचा हंगाम आपल्या शाळेत नाही. आपल्याकडे आहे तो मुळे धरण्याचा हंगाम.

म्हणून माझ्या सर्व म्हणण्याचे सार मी आताच सांगून टाकतो. सराववर्गाचा पहिला हेतू पदक हा नसावा. यंदा मैदानावर आलेले मूल पुढच्या वर्षीही हसतमुखाने आणि निरोगी शरीराने मैदानावर यावे, हा हेतू असावा. पुढे सांगितलेली प्रत्येक रीत याच एका कसोटीवर घासून पाहावी.

प्रथम जागेचा विचार. 400 मीटरचा धावमार्ग आपल्या गावी मिळणे कठीण, आणि त्याची निकडही नाही. 85 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद अशी सपाट जागा मिळाली की 200 मीटरचा मार्ग आखता येतो. मग ते शाळेचे पटांगण असो, गायरान असो की पीक निघालेले शेत असो. मध्यभागी एकमेकींपासून 40 मीटर अंतरावर दोन खुंट्या पक्क्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटीला 18 मीटर 90 सेंटिमीटर लांबीची दोरी बांधून बाहेरच्या अंगास अर्धवर्तुळ काढावे, आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोके 40-40 मीटरच्या दोन सरळ रेषांनी जोडावीत. दोरी ताणली असता लांबणारी नसावी. अशा रीतीने मारलेल्या फक्कीच्या रेषेबाहेर 20 सेंटिमीटर अंतर ठेवून धावणाऱ्याची एक फेरी 200 मीटरची भरते. चार फेऱ्यांत 800 मीटर होतात. ही आखणी शिक्षकाने एकट्याने करू नये. सातवीच्या मुलांकडून वर्तुळाचा परीघ काढवून घ्यावा आणि दोरीची लांबी त्यांनाच ठरवू द्यावी. फळ्यावर न उमगलेले सूत्र मैदानावर उमगते, असा माझा अनुभव आहे.

लांब उडीचा खड्डा खोल असावा व त्यात वाळू असावी. ती प्रत्येक वेळी फावड्याने सैल करावी आणि तीत काच, खडा, काटा नाही हे हाताने तपासावे. उंच उडीसाठी जाड गादी नसेल तर मुलांना पाठीवर पडण्याची उडी कदापि शिकवू नये. कात्रीसारखे पाय टाकून पायांवरच उतरण्याची उडी पुरे. गोळा वा भाला फेकण्याच्या वेळी सर्व मुलांनी फेकणाऱ्याच्या मागे उभे राहावे, आणि शिटी झाल्यावाचून कोणीही फेकलेली वस्तू आणावयास जाऊ नये. हा नियम एकदाही मोडू देऊ नये, कारण तो एकदाच मोडला तरी जन्माचे दुःख होऊ शकते. धावताना बूट हवेतच असा आग्रह नको. मऊ मातीवर अनवाणी धावण्याची आपल्या मुलांना सवय आहे. मात्र मैदानावरील बाभळीचे काटे रोज वेचले पाहिजेत.

आता वेळापत्रक. चौदा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस एक तास, एवढा सराव पुरेसा आहे. त्याहून मोठ्या मुलांना चार दिवस. तासाचा पहिला चतुर्थांश खेळात जावा, म्हणजे लंगडी, शिवाशिवी, दोरीवरच्या उड्या. नंतर धावण्याची ढब, उड्या, फेक आणि काठी हातात देऊन रिले. आठवड्यातील एकच दिवस जोराचा असावा. बाकीच्या दिवशी मुलाने शेजाऱ्याशी बोलत बोलत धावता येईल एवढ्याच वेगाने धावावे. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे, त्यासाठी घड्याळाची गरज नाही. सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाने धावणे, उडी आणि फेक ही तिन्ही अंगे करावीत. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचे हाड दुखू लागते. असे मूल कामचुकार नसते. त्याच्या उड्या आणि जोराचे धावणे काही आठवडे थांबवावे आणि त्याला घड्याळ धरण्याचे किंवा नोंदी ठेवण्याचे काम द्यावे, म्हणजे त्याचा मैदानाशी संबंध तुटत नाही.

आहाराविषयी लांबण लावीत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मूठभर शेंगदाणे, गूळ, मिळाल्यास अंडे, शहादा-तळोद्याकडची केळी, यांत वाढत्या अंगाला लागणारे पुष्कळ आहे. उपाशीपोटी मात्र मूल धावू नये. शक्तीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांतील भुकट्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. त्यांत काय मिसळलेले असते ते ना मुलाला कळते ना आपल्याला.

आपल्या जिल्ह्याचे पंचांग शहरातल्या क्लबाच्या पंचांगाशी जुळत नाही, हे विसरून चालणार नाही. शालेय स्पर्धांचा काळ संपतो न संपतो तोच दिवाळी येते, आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि आपल्या राज्यातील कारखान्यांकडे निघून जातात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. आरंभी मी अशा मुलांची नावे वहीतून खोडीत असे. होळीच्या सुमारास परत आलेले मूल मैदानाच्या कडेला उभे राही, पण आत येत नसे. आपले नाव गेले हे त्याला आपोआप कळलेले असे. तेव्हापासून नाव न खोडता पुढील रकाना मोकळा ठेवण्याची रीत मी घातली. जाताना त्या मुलाला बिनसाधनांचे पंधरा मिनिटांचे काही व्यायाम शिकवून ठेवावेत. परतल्यावर मात्र त्याला इतरांच्या बरोबरीने धावू देऊ नये. चार आठवडे त्याने पायरीपायरीने चढावे. ज्याचे पालक मुलाला नातलगाकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्यास तयार असतील, त्यांच्याशी दिवाळीपूर्वीच बोलून घ्यावे. नंतर बोलण्यात अर्थ नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः येथे उभा आहे, तिच्याकडे वळतो. माझ्या सराववर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. धावण्यात तो सर्वांच्या पुढे असे. तो जिल्ह्यात पहिला यावा ही आकांक्षा त्याच्यापेक्षा मलाच अधिक होती. एप्रिल महिन्यातील एका सकाळी उशीर झाला, ऊन चढले, तरी मी ठरलेल्या जोराच्या फेऱ्या रद्द केल्या नाहीत. पाचव्या फेरीनंतर तो म्हणाला, “गुरुजी, पाय चालत नाहीत.” मी उत्तरलो, “एकच राहिली, एवढी कर.” त्याने माझा शब्द मोडला नाही. अर्ध्या फेरीत तो खाली बसला आणि मग आडवा झाला. तो बोलत होता, पण त्याच्या पायांत उभे राहण्याचे बळ नव्हते. गोळा आलेला स्नायू दगडासारखा घट्ट लागतो, तसा त्याचा लागत नव्हता. हात लावता मांड्या मऊच होत्या. आम्ही त्याला सावलीत नेले, पाणी पाजले, अंग पुसले आणि मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात पोचविले. तेथे प्राणवायू आणि शिरेतून द्रव देण्यात आला. मुलगा वाचला. रक्ततपासणीत तो सिकलसेलचा वाहक असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या आईने मला एक शब्दही दोषाचा बोलून दाखविला नाही. तिने बोल लावला असता तर मला बरे वाटले असते.

सिकलसेल हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणाला नवा नाही. आपल्या आदिवासी समाजांत हा रक्तदोष मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. आईबाप या दोघांकडूनही दोष आलेले मूल रुग्ण होते, आणि एकाकडूनच आलेले मूल वाहक होते. रुग्ण मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सराव करू नये. वाहक मूल मात्र एरवी धडधाकट असते आणि ते खेळू शकते, धावू शकते, स्पर्धेतही उतरू शकते. त्याला मैदानाबाहेर काढणे हा अन्याय होय. परंतु कडक ऊन, अंगातले पाणी कमी होणे, पुरेशी विश्रांती न घेता एकामागून एक जोराच्या फेऱ्या आणि सवय नसता एकाएकी वाढविलेला सराव, ही कारणे एकत्र आली म्हणजे वाहकाच्या रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. त्यातून क्वचित प्राणावरही बेतते.

म्हणून पाच नियम मी आपल्यापुढे ठेवतो. ते सर्वच मुलांना लावावेत, म्हणजे कोण वाहक आणि कोण नाही हे चारचौघांत उघड होणार नाही. पहिला: सराववर्गात घेण्यापूर्वी पालकांना भेटून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करवून घ्यावी. तिचा निकाल पालक आणि शिक्षक यांच्यापुरताच ठेवावा, कारण अशी गोष्ट गावात पसरली की पुढे मुलींची लग्ने अडतात. दुसरा: उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी सराव संपवावा, आणि उशीर झाला तर तो दिवस खेळात घालवावा. तिसरा: पाण्याची घागर मैदानावरच असावी आणि पाणी पिण्यासाठी परवानगी लागू नये. चौथा: जोराच्या दोन फेऱ्यांमध्ये श्वास पूर्ववत होईपर्यंत विश्रांती द्यावी. ताप, जुलाब वा जागरण झालेल्या मुलाला त्या दिवशी जोराचे काम देऊ नये. पाचवा नियम सर्वांत मोठा आहे. मूल “पाय चालत नाहीत” असे म्हणेल तर ती तक्रार न समजता आज्ञा समजावी आणि त्या क्षणी थांबावे. थांबूनही बळ परत न आले तर 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी आणि सिकलसेलची शंका डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी. शिक्षकाच्या आज्ञेत असणे हा आपल्या मुलांचा गुण आहे. म्हणूनच आपली आज्ञा चुकीची ठरली तर तिचे मोल मुलाला द्यावे लागते.

मुलींविषयी दोन शब्द. तेरा-चौदाव्या वर्षी मुली मैदानावरून नाहीशा होतात. याचे कारण त्यांचा उत्साह ओसरतो हे नव्हे. घरकाम, धाकटी भावंडे, कपड्यांची लाज, मासिक पाळी आणि काही घरांत लग्नाची बोलणी ही खरी कारणे होत. यांतील पुष्कळ अडचणी एका शिक्षिकेच्या किंवा जाणत्या स्त्रीच्या नुसत्या उपस्थितीने दूर होतात. म्हणून स्त्री-सहकारी नसेल तर मुलींचा वर्ग सुरू करण्यापूर्वी ती शोधावी. मुलींनी सैल पूर्ण पोशाखात धावण्यास कोणतीच हरकत नाही. सरावाची वेळ पाणी भरण्याच्या वेळेशी टक्कर घेणारी नसावी. कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही एका मुलाबरोबर वा मुलीबरोबर एकांतात सराव घेऊ नये आणि परगावी स्पर्धेला जाताना मुलींबरोबर स्त्री असलीच पाहिजे. हा नियम कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. मुलांचे रक्षण आणि शिक्षकाचा लौकिक या दोहोंसाठी तो आहे.

हे काम एकट्याने निभत नाही. आपल्यावर अध्यापनाखेरीज माहिती भरण्याची किती कामे असतात, हे मी जाणतो. आपण रजेवर असलो तरी वर्ग चालला पाहिजे, म्हणून निदान तीन माणसे हवीत. गावात सैन्यातून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ असतो, महाविद्यालयात जाणारी मुले असतात, आणि पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण तर पहाटे मैदानावर असतातच. त्यांना आदराने हाक मारावी, ते येतात. मात्र त्यांचा सराव आणि मुलांचा सराव एक करू नये. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर आणि स्त्रियांना 800 मीटर धावून गुण मिळवावयाचे असतात. त्यासाठी वीस वर्षांचा तरुण जो भार उचलतो, तो तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर देणे चूक होय. प्रत्येक सहकाऱ्याला एकच ठरावीक काम द्यावे: एकाने उडीचा खड्डा सांभाळावा, दुसऱ्याने लहान मुले, तिसऱ्याने वही. “सर्वांनी सर्व पाहावे” असे ठरले की कोणीच काही पाहत नाही.

स्पर्धेच्या बाबतीत प्रामाणिकपणा हाच शिक्षकाचा खरा विजय. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट जन्मतारखेवर ठरतात. तारीख बदलून जिंकलेल्या शर्यतीत हरलेले मूल दुसऱ्या शाळेतले असते, तरी ते आपलेच विद्यार्थी-दैवत आहे. शिवाय जिंकणाऱ्या मुलाला आपण त्या दिवशी काय शिकविले? क्रीडा-सवलतीचे गुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण, या गोष्टी पालकांना अवश्य सांगाव्यात. परंतु त्या आमिष म्हणून सांगू नयेत. फार थोड्यांना त्यांचा लाभ होतो, आणि उरलेल्यांना आपण फसविले असे वाटता कामा नये.

वर्षाअखेर आपल्या कामाचे मोजमाप कसे करावे? वही उघडावी. गेल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी यंदा किती आली, त्यांतल्या मुली किती, ऊसतोडीहून परतलेली किती, दुखापतीने थांबलेली किती, हे चार आकडे काढावेत. पदकांचा आकडा पाचवा लिहावा. पहिले चार चांगले असतील तर पाचव्याची चिंता करू नये. पहिले चार वाईट असून पाचवा चांगला असेल, तर मात्र शिक्षकाने रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःशी थोडा विचार करावा.

ज्या मुलाची हकीकत मी सांगितली, तो पुढे जिल्ह्यात पहिला आला नाही. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा मैदानावर आला आणि बेताने धावू लागला. आज तो मोठा झाला आहे. सकाळच्या सरावात लहान मुलांच्या तुकडीचे घड्याळ तोच धरतो. एखादे मूल धापा टाकू लागले की माझ्याआधी त्याचीच शिटी वाजते. आमच्या सराववर्गाने एवढे एक फळ दिले असते, तरी मी ते पदकाहून कमी मानले नसते.

बंधुभगिनींनो, मोठ्या योजनेची वाट पाहत बसू नये. येत्या सोमवारी पाच मुले, एक दोरी, एक फक्कीची पाटी, पाण्याची घागर आणि एक वही घेऊन आपण मैदानावर उभे राहावे. मंगळवारी मुले आली नाहीत तरी आपण ठरल्या दिवशी ठरल्या वेळी तेथे असावे. मुले प्रथम मैदानाला जोखत नाहीत. गुरुजी उद्या येतात की नाही, हे ती जोखतात. त्यांची ती परीक्षा आपण उत्तीर्ण झालो, की पुढचे काम पुष्कळसे ती स्वतःच करतात.